सोळा नंबर

एकतीस वर्षं मी माशा बांधल्या
माझगावात, हातिमशेठच्या पोटमाळ्यावर,
आणि ट्राउट एकदाही पाहिला नाही.

शिकंज्यात गळ. सोळा नंबर, म्हणजे तांदळाच्या कणीएवढा.
धाग्याला मेण. धड म्हणून मोरपिसाचा एकच तंतू.
मानेशी तांबड्या कोंबड्याचं पीस, चार वेढे.
पाचवा पडला की माशी जड, पाण्यावर तरंगत नाही,
शेठ चष्मा कपाळावर सरकवून ती बाजूला काढायचा.
जैबुन पंख लावायची, डोकं मी बांधायची:
शेवटची गाठ नखावर ओढून, वर लाखेचा थेंब.
मग डब्यात बारा-बारा, आणि डबे बोटीवर,
कुठल्या नदीसाठी ते चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं,
मला वाचता यायचं, उच्चारता यायचं नाही.

आई भाऊच्या धक्क्यावर पाटी लावायची.
विचारायची, केवढा गं तुझा ट्राउट? काटा किती?
म्हटलं, ते लोक पकडतात आणि सोडून देतात.
आईनं कोयता खाली ठेवला.
"मग पाण्यात उतरतात कशाला मेले? पाय धुवायला?"

मग माशी कुठं शिंकली कोण जाणे.
खलिते यायचे थांबले. शेठ गेला.
पोरानं पोटमाळा कुरिअरवाल्याला दिला.
हिशेबात मला एक डबा मिळाला,
सगळ्या पाच वेढ्यांच्या, नापास.

आता भाचा येतो मनोरीहून, रोहिदास.
मावशी, जिताड्यासाठी बांध.
हे काम निराळं. गळ करंगळीएवढा,
बोकडाच्या शेपटीचे केस, भुलेश्वरातली जर,
डोळ्यांना तुटक्या पोतीतले दोन मणी.
पाणी गढूळ तर काळी, नितळ तर पांढरी,
आणि वळवळली पाहिजे जखमी बोंबलासारखी.
ट्राउटला पटवावं लागतं म्हणे, केस न् केस मोजून;
जिताड्याचं पोट भरलेलं असलं तरी चालतं,
त्याला नुसतं डिवचायचं.
(हे शेठचं बोलणं. त्यानंही दोन्ही पाहिले नव्हते.)

परवा गेले बघायला.
ओहोटी सरत आलेली, तिवरांच्या मुळ्या उघड्या,
रोहिदास गुडघाभर चिखलात. दोर मागे जातो,
तिथं क्षणभर थांबतो, सरळ होतो, मग पुढे.
ते थांबणं मला आवडलं.
मासा मात्र नाही. काळी झाली, पांढरी झाली,
जर लावलेली झाली. तासभर
खाडीनं आमच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

पलीकडं शेवाळाच्या सायीवर बोयटी आलेली,
ओठ वर काढून चुटूचुटू काही टिपत होती.
मी डबा उघडला. म्हटलं, ही लाव.
"एवढीशी? मावशी, हिला डाससुद्धा विचारणार नाही.
आणि बोय गळाला लागत नाही,
कोळीवाड्यात कुणालाही विचार."
मी कोळणीच्याच पोटची. मला ठाऊक होतं.
तरी लावली त्यानं, माझं वय बघून.

पडली. तरंगली नाही, बुडालीही नाही,
पाण्याच्या कातडीखाली बोटभर
लटकत राहिली, पाचव्या वेढ्याच्या वजनानं.
एक ओठ आला.
दोर ताठ, काठी वाकडी, रोहिदास आईला हाका मारतोय,
चंदेरी पाठ एकदा उलटली, दोनदा,
आणि सैल.

गळाची नांगी मीच दाबलेली, चिमट्यानं.
तसाच हुकूम असायचा, माशाला इजा नको म्हणून.

रोहिदासनं दोर गुंडाळून माशी हातात दिली.
पीस विस्कटलेलं, लाख टवका उडालेली,
मोरपीस चघळून बोथट.
लाखभर तरी बांधल्या असतील मी.
वापरलेली पहिल्यांदाच पाहत होते.

"फुकट गेली ही," तो म्हणाला.
एक वेढा सुटून लोंबत होता. राहिलेले मी नखानं मोजले.
मग पदराला टोचली, टाचणीसारखी,
आणि धक्क्याकडे निघालो. होडीची वेळ झाली होती.